शिंपल्यातला आवाज

"या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," एवेलिओ कोर्रोचानोने खुर्चीतूनच काठी उगारली, "आणि ज्याचा बसेल त्याने मुकाट्याने उठून डॉक्टरकडे जावं. हा मी, असा धडधाकट तुमच्यासमोर बसलोय ना, मी एक अख्खा अंक मेलेल्या माणसाच्या प्रॉम्प्टिंगवर केलाय. आणि तोही कुठे? इथं. याच फळ्यांवर!"

काठीचं टोक त्याने खाली आपटलं. नवीकोरी फळी खाडकन वाजली आणि थिएटर हसलं. हशा कुठे पिकतो आणि त्यानंतर किती थांबायचं, हे एवेलिओला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ऐंशी पार केलेल्या माणसाचे गुडघे दगा देतात, दात दगा देतात, पण ही थांबण्याची कला शेवटपर्यंत साथ देते.

"मास्तर, दार उघडा!" मागच्या रांगेतून एलिसेओ ओरडला. जन्मभर ट्रक चालवून आता निवृत्त झालेला हा माणूस सकाळपासून मास्तरांच्या त्या एका गाजलेल्या वाक्यासाठी घसा साफ करून बसला होता.

"उघडतो रे बाबा, जरा दम धर. आधी कुलूप तर लागू दे!"

पुन्हा हशा.

वाल्देरोब्लेचं हे थिएटर कित्येक वर्षं बंद होतं. आधी ते नाटकाचं होतं, मग सिनेमाचं झालं, मग कबुतरांचं. आता छप्पर नवं घातलं होतं, लाल मखमल चढवली होती, आणि आज दुपारी, जेवणाचं कोकरू भट्टीत भाजत असताना, त्याचं उद्घाटन होतं. नगराध्यक्षा नोएलिया तरुण आणि उत्साही होती. तिने माद्रिदला फोनावर फोन करून म्हाताऱ्याला बोलावून घेतलं होतं. "मास्तर, तुमची ती टीव्हीवरची गोष्ट आमच्याच गावातली. ती इथं नाही सांगायची तर कुठे?" एवेलिओने गुडघ्याचं कारण सांगितलं, मग छातीचं, मग बहिणीचं. ती बहीण त्याला नव्हतीच. तेवढ्यात नोएलिया सहज बोलून गेली, "तुमच्या त्या प्रॉम्प्टरची, सातुर्निनोंची मुलगीही येणार आहे, पहिल्या रांगेत," आणि तो "येतो" म्हणून मोकळा झाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

आल्या आल्या त्याने नोएलियाच्या गळ्यातला पिवळा रुमाल काढायला लावला होता. नटासमोर पिवळं घालून येणं म्हणजे मांजर मारून उंबऱ्यावर ठेवणं. "तू मला इथं मारायलाच बोलावलंयस, बाई!" असं तो केवढ्याने ओरडला, की बिचारीने रुमाल मुठीत कोंबून थेट फुलदाणीत लपवला.

थिएटरच्या दुरुस्तीत लोकांनी एक लाडाची गोष्ट केली होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, प्रॉम्प्टरचा जुना शिंपला होता तसा बनवून बसवला होता. प्रेक्षकांना दिसते ती फक्त त्याची पाठ, रंगवलेली आणि पन्हळी. तिच्याआड फळीत भोक, भोकात माणूस, माणसासमोर संहिता. त्याचं तोंड नटांकडे. त्याचा चेहरा दिसतो तो फक्त पुढे येऊन मधोमध उभ्या राहिलेल्या नटाला. बाकी कुणाला नाही.

एवेलिओची खुर्ची नेमकी तिथंच मांडली होती.

आणि शिंपल्याच्या पलीकडे, पहिल्या रांगेत, काळी पर्स मांडीवर धरून विसिता बसली होती. साठीकडे झुकलेली, केस आखूड कापलेले, अंगावर चांगल्यातला कोट. अजून ती हसली नव्हती.

सकाळी दारातच तिने त्याला गाठलं होतं.

"ओळखलंत?"

"ओळखलं ना! आपण... कुठे बरं..."

"थापा नका मारू. मी सातुर्निनोची विसिता. तालमीला मी बाबांशेजारी बसायचे आणि तुम्ही माझी बडीशेपेची गोळी खायचात."

"तूच दिली होतीस ती!"

"हिसकावली होती तुम्ही. तोंडातून!"

एवेलिओ मोठ्याने हसला. पोरगी गमतीदार आहे, त्याने मनात म्हटलं. निभावेल.

"आईने तुमचा एक सिनेमा सोडला नाही," विसिता म्हणाली. "बाबा गेल्यावर कंपनी पुढच्या गावी गेली, आम्ही इथंच राहिलो. आई म्हणाली, थडगं सोडून मी कुठे येऊ? इथं सिनेमा आला तेव्हा तिला काम मिळालं, बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायचं. मी मागं दाराच्या पडद्याजवळ उभी राहून बघायचे. पाद्रीबाबा झालेले तुम्ही, हवालदार झालेले तुम्ही, फासावर गेलेले तुम्ही..."

"आणि... आई काय म्हणायची?"

"म्हणायची, हा माणूस भला. यानंच मला येऊन सांगितलं की सातुर्निनोला काही म्हणजे काही कळलं नाही, दिवा फुंकावा तसा गेला. त्या एका वाक्यावर तिने आयुष्य काढलं, मास्तर." मग त्याच्या कोटावरचा दोरा उचलत ती म्हणाली, "आज सांगणार ना ती गोष्ट? मी आपली टीव्हीवर अर्धीमुर्धीच ऐकलीय. समोर बसून ऐकायचीय."

ही गोष्ट एवेलिओने कुठे सांगितली नव्हती? माद्रिदच्या बारमध्ये, आल्मेरियाच्या वाळवंटात शूटिंगच्या घोड्यांच्या सावलीत, टीव्हीवर, लग्नांत, आणि एकदा तर मयताला. दर वेळी तिला नवं तिखटमीठ लागलं, दर वेळी लोक पोट धरून हसले, आणि दर हशासरशी खरी गोष्ट थोडी आणखी खाली गेली, कोट ठेवून ठेवून खुंटी दिसेनाशी व्हावी तशी. पण त्या हशांत एक माणूस कमी होता. ही एक हसली की झालं, तो फोन ठेवताना, गाडीत बसताना, आता या खुर्चीत बसताना स्वतःला बजावत होता. ती हसली की गोष्ट खरी. मग दुसरी गोष्ट कधी घडलीच नाही.

"तर मंडळी," तो पुढे सरसावला, "आमची कंपनी म्हणजे रुईपेरेसची कंपनी. आज या गावात, परवा त्या गावात, दर मुक्कामी नवं नाटक. पाठांतर? पाठांतर करायला वेळ कुणाला होता! नटाला काय लागतं? खणखणीत आवाज, पोटात ऊब, आणि शिंपल्यात चांगला माणूस. मी तर जन्मलोच पेटाऱ्यात. आईने पहिल्या अंकात मला जन्म दिला आणि दुसऱ्या अंकात एन्ट्री घेतली."

"मागच्या वेळी मध्यंतरात जन्मला होता!" एलिसेओ.

"ते धाकट्या भावाचं! तू ट्रक चालव." हशा शमू देत तो म्हणाला, "आणि सातुर्निनो म्हणजे प्रॉम्प्टरांचा राजा. कुजबुजायचा असा, की पहिल्या रांगेला मुंगी ऐकू येईल पण सातुर्निनो नाही. मला मात्र छातीत ऐकू यायचं. तो श्वास घ्यायचा आणि मी बोलायचो. त्याने म्हटलं 'नमस्कार', की माझ्या तोंडातून 'नमस्कार'. मध्ये डोकं नाहीच!"

इथवर एक अक्षरही खोटं नव्हतं. एवेलिओने विसिताकडे पाहिलं. बापाचं कौतुक ऐकून तिची मान किंचित हलली होती.

"आणि त्या दिवशी आमच्या रुईपेरेस मालकांनी खाल्ले शिळे शिंपले. आता वाल्देरोब्लेत, समुद्रापासून इतक्या लांब, शिंपले खाणारा माणूस एकतर वेडा नाहीतर नट. मालक परसाकडे, आणि प्रमुख भूमिका कुणाच्या गळ्यात? माझ्या! तोवर मी नुसता पाद्री करायचो. इतके पाद्री केले, की कुएंकात एका म्हातारीने मला रस्त्यात धरून पापं सांगितली. शेजारणीची कोंबडी चोरली होती तिने. मी क्षमा करून टाकली. अर्धी कोंबडी घेऊन."

सभागृह गडगडलं. नोएलिया डोळे पुसत होती. विसिताच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. एवेलिओच्या अंगात वारं भरलं.

"भूमिका बापाची. कठोर, पांढरी दाढी. पोरीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढतो, बाहेर हिमवर्षाव, ती दार ठोठावते आणि बाप म्हणतो, 'या घराला मुलगी नाही.' एवढंच मला ठाऊक. बाकी सगळी भिस्त शिंपल्यावर. आणि प्रेक्षकांत बसलाय कोण? माद्रिदचा एक सिनेमावाला! गाडी बिघडली म्हणून वेळ काढायला आलेला. पहिला अंक संपतो, मी खाली बघतो, तर सातुर्निनोचं डोकं संहितेवर. हाक मारतो, ओ नाही. हात लावतो, तर खारवलेल्या माशासारखा गार. मेला! मंडळी, मेला!"

हे तो नेहमी छातीवर क्रूस काढून म्हणायचा. आजही हात उठला, आणि कपाळापाशीच घोटाळला.

पहिल्या अंकाच्या शेवटी सातुर्निनो मेला नव्हता. पहिल्या अंकाच्या शेवटी सातुर्निनोने संहितेतून मान वर करून डोळा मारला होता.

"मी म्हटलं, एवेलिओ, संपलास. पडदा वर गेला. मी उघडाबंब. शब्द नाही डोक्यात. आणि शिंपल्यातून आवाज आला! स्वच्छ! जिवंतपणी खोकायचा, मेल्यावर खोकलाही गेला!"

हशा.

"मला म्हणाला, 'पोट आत घे, एवेलिओ.' मेला तरी खोड गेली नाही! संवादावर संवाद देतोय, आणि मी म्हणतोय. आलो मोठ्या प्रवेशावर. बाहेर पोरगी दार ठोठावतेय. मी पुढे येतो, इथं, अगदी इथं..."

तो काठीवर रेटा देऊन उठला. नको उठायला, गुडघा म्हणत होता. पण हा प्रवेश बसून होत नाही. समोर पावलांशी शिंपल्याचं तोंड आलं. आत नवा रंग, नवं लाकूड, बसायला एक छोटं स्टूल. सुताराने सगळं होतं तसं केलं होतं. मागे खाली उतरायचं बुटकं दारसुद्धा.

त्या दिवशी ते दार बाहेरून कडी लावून बंद होतं. तळघरातला उजेड फटीतून रंगमंचावर येतो म्हणून पडदेवाला कडी घालायचा. रोजचंच. सातुर्निनो त्या ढोलीत, पाठीशी बंद दार, समोर एवेलिओ. आणि त्याचा चेहरा मेणबत्तीच्या मेणासारखा झाला होता, ओला. संहितेवर त्याचं बोट नव्हतं. बोट मागे होतं, दाराकडे.

"दार उघडा," शिंपला म्हणाला.

आणि लहानपणापासून शिंपल्यातून येईल ते बाहेर सोडायला शिकलेलं एवेलिओचं तोंड म्हणालं, "दार उघडा."

प्रेक्षकांच्या लेखी कठोर बाप फुटला होता. हे संहितेत नाही, हे एवेलिओला वाक्य संपता संपता कळलं. पण इथवर ती चूक होती. तशी चूक कुठल्याही नटाकडून झाली असती, तिचं ओझं त्याने कधी वाहिलंच नाही.

"देवाच्या मायेनं... थोडी हवा," शिंपला म्हणाला.

आता त्याला कळलं होतं. हात वर केला असता तर पडदा पडला असता. विंगेकडे नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. त्याच वेळी सिनेमावाला खुर्चीत पुढे सरकलेला त्याला दिसला. एवेलिओने श्वास घेतला, आवाजाला आतून तडा जाऊ दिला, आणि ते वाक्य म्हटलं. सुंदर म्हटलं. कुठेतरी एक बाई हुंदका देऊन रडली.

आणि मग तो थांबला. थांबायची कला. शिंपल्याजवळ गुडघे टेकून, बापाची पांढरी दाढी थरथरवत, त्याने तिसऱ्या वाक्याची वाट पाहिली.

"मला... असं कोंडून ठेवू नका."

तेही आलं. तेही त्याने घेतलं.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला, कुणीतरी जाऊन कडी काढली, आणि सातुर्निनो पाठीकडून त्या माणसाच्या अंगावर कलंडला. नाटककाराला हा बदल इतका आवडला की पुढच्या प्रयोगापासून तो संहितेतच आला. सिनेमावाल्याने एवेलिओला तीच दाढी लावून त्याच तीन वाक्यांसाठी कॅमेऱ्यासमोर उभं केलं. त्यानंतर सारा देश त्याला तेच ऐकवत राहिला. टॅक्सीवाला, शेंगावाली, अडकलेल्या लिफ्टमधले लोक. हर्नियाच्या ऑपरेशनला भूल देताना नर्स वाकून हसत म्हणाली होती, 'मास्तर, दार उघडा.' नट असा हजार तोंडांनी बोलतो म्हणतात. एवेलिओ आयुष्यभर एकाच तोंडाने बोलला, आणि ते त्याचं नव्हतं.

"...तर मी इथं उभा," तो आता म्हणाला. "पोरगी ठोठावतेय. म्हणायचंय, 'या घराला मुलगी नाही.' आणि हा मेलेला मला सांगतोय..."

"दार उघडा!" सारं थिएटर एका सुरात. मखमल शहारली.

"मी म्हटलं, अरे सातुर्निनो, हे नाटकात नाही! तो म्हणतो, गप, मला वरून दिसतंय, हेच चांगलं आहे! मी म्हटलं, बरं बाबा, आता तू लेखकाच्याही वर बसलायस..." हशा. "मग म्हणतो, 'देवाच्या मायेनं, थोडी हवा.' मग म्हणतो..."

"मला असं कोंडून ठेवू नका!" एलिसेओ सगळ्यांच्या पुढे.

"आणि टाळ्या! आणि मंडळी, शप्पथ, कोवळं कोकरू समोर येण्याआधीची शप्पथ," आता तो फक्त पहिल्या रांगेशी बोलत होता, आणि कधी न सांगितलेली, आत्ता या क्षणी कढईतून काढलेली लोणकढी त्याच्या तोंडून निसटली, "मेलेल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या! दोन हात शिंपल्यातून बाहेर आले, असे, माझ्याकडे!"

लोक खुर्च्यांवर कोलमडले. नोएलिया उभी राहून टाळ्या वाजवू लागली. एवेलिओने वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्या वर पाहिलं.

विसिता हसत नव्हती. ती उठून उभी राहत होती. मांडीवरची पर्स तिने खुर्चीत ठेवली, जणू परत येऊन बसायचंय अशी जागा धरून.

"मास्तर, एक विचारू?"

टाळ्या विरल्या. लोकांना वाटलं, आता ही आभार मानणार.

"विचार, पोरी," एवेलिओ म्हणाला.

"आमच्या बाबांना दमा होता. उसळला की ते भिंतीला धरून असंच म्हणायचे. आधी दार. मग देवाची माया. मग कोंडून ठेवू नका. नेहमी याच क्रमाने. मी आणि आई धावायचो, ती दार उघडायची, मी खिडकी." तिचा आवाज मोठा नव्हता, पण ते थिएटर पूर्वीपासून आवाजाला चांगलं होतं. "तुमचा पहिला सिनेमा इथं लागला तेव्हा मी त्या पडद्याजवळ उभी होते. तुम्ही बोललात, आणि मी घरातल्यासारखी धावले. बाहेरचं दार उघडायला. लोक हसले मला. मी आईला म्हटलं, मास्तरांना बाबांची इतकी आठवण येते की ते बाबांसारखं बोलतात. आई खूश झाली. मीही इतकी वर्षं तेच धरून चालले."

"विसिता..." तो म्हणाला.

"आईला सांगितलंत, काही कळलंच नाही त्यांना. टीव्हीवर सांगता, आधीच मेले होते. आत्ता सांगितलंत, हात बाहेर आले, तुमच्याकडे." तिने शिंपल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मेलेला माणूस हवा कशाला मागेल, मास्तर?"

नोएलिया खाली बसली. विसिता उभीच होती.

"खोटं बोलताय तुम्ही. ते जिवंत होते."

एवेलिओने तोंड उघडलं. थिएटर वाट पाहत होतं. साऱ्या आयुष्याच्या सवयीने त्याची नजर खाली गेली, पुढच्या वाक्यासाठी, शिंपल्यात. तिथे नवं स्टूल होतं, आणि मागचं बुटकं दार सताड उघडं.